शेवटच्या अपडेटची तारीख खोक्यावर छापा

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.

विषय : स्मार्टफोनच्या खोक्यावर शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख छापणे सक्तीचे करण्याबाबत.

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तुटलेला डिस्प्ले, सैल झालेला चार्जिंगचा जॅक, फुगलेली बॅटरी, विहिरीवर पाण्यात पडलेला सेट हे रोजचं काम. त्याचे पैसे मिळतात. पण काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ ज्या कामात जातो त्याचे कुणी पैसे देत नाही, आणि मीही मागत नाही. ते काम म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर: "दादा, ह्यालाच काहीतरी करून देताय, का नवीन घेऊ?"

उत्तर द्यायला मला चार गोष्टी कळाव्या लागतात. बॅटरी किती उरली, ती तपासून सांगता येते. डिस्प्ले मूळचा आहे का कॉपी, ते नजरेलाच कळतं. स्टोरेज किती भरलंय, ते फोनच सांगतो. चौथी गोष्ट म्हणजे या मॉडेलला कंपनीकडून सुरक्षा अपडेट अजून कधीपर्यंत येणार. ती मला कळत नाही, गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि ज्यानं फोन विकला त्या शोरूमवाल्या पोरालाही कळत नाही. ती खोक्यावर नसते, बिलावर नसते, वॉरंटी कार्डावर नसते. काही कंपन्यांच्या इंग्रजी वेबसाइटवर कुठल्यातरी आतल्या पानावर असते. काहींच्या तिथंही नसते.

म्हणून मागणी एकच. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनच्या खोक्यावर, त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट निदान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, ती तारीख छापलेली असावी. किती वर्षं द्यावीत हे मी म्हणत नाही. दोन द्या, सात द्या. पण लिहून द्या.

ही तारीख इतकी का अडते ते सांगतो. साध्या माणसाला अपडेट म्हणजे एकच गोष्ट वाटते. फोनवर सूचना येते, वायफाय असेल तर दाबायचं, नसेल तर 'नंतर' म्हणायचं. खरं तर त्यात तीन वेगळी कामं असतात. एक, अँड्रॉइडची नवी आवृत्ती. चिन्हं बदलतात, मेनू हलतात, जाहिरात होते ती याचीच. दुसरं, सुरक्षा पॅच, म्हणजे आत सापडलेली भोकं बुजवणं. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची खोट उघड झाली. नुसता एक एमएमएस पाठवून समोरच्याच्या फोनमध्ये शिरता येत होतं. तेव्हा सगळ्यांची झोप उडाली आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून गुगल दर महिन्याला दुरुस्त्यांची यादी काढायला लागलं. तिसरं काम अँड्रॉइड १० पासूनचं, २०१९ सालचं. त्यात सिस्टिमचे काही भाग गुगल प्लेमार्फत थेट बदलले जातात, फोन कंपनी मध्ये येत नाही. त्यामुळे कंपनीनं सोडून दिलेल्या फोनलाही थोडं संरक्षण मिळत राहतं. पण चिप, मोडेम, कॅमेरा, सिस्टिमचा गाभा यांतली भोकं तशीच उघडी राहतात.

मधलं काम, म्हणजे सुरक्षा पॅच, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये मी आधी सेटिंग उघडून पॅचची तारीख बघतो. ती दीड-दोन वर्षं जुनी असेल तर त्या फोनचा वाली उरलेला नाही, असं समजायचं. पण हे कळतं ते वेळ गेल्यावर. विकत घेताना कळायला हवं होतं.

अपडेट बंद का पडतात, हे मला अगदी कळत नाही असं नाही. गुगलनं पॅच काढला म्हणून तो फोनमध्ये आपोआप उतरत नाही. फोनमधल्या चिपचं सॉफ्टवेअर क्वालकॉम, मीडियाटेक, युनिसॉक अशा चिपवाल्यांचं असतं. त्यांनी हात वर केले की फोन कंपनीचं काम अवघड आणि खर्चिक होतं. अवघड म्हणजे अशक्य मात्र नव्हे. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीनं २०१५ मध्ये अँड्रॉइड ५ वर बाजारात आणलेल्या आपल्या दुसऱ्या फोनला अँड्रॉइड १० पर्यंत नेलं, चिपवाल्याचा आधार सुटल्यावरसुद्धा. ॲपलनं २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती पाठवली. पण दहा हजारांच्या फोनवर नफा तो किती, आणि वर्षाला डझनावारी मॉडेलं काढणाऱ्या कंपनीनं प्रत्येक जुन्या मॉडेलवर माणसं बसवायची कशी? परवडत नसेल तर नका देऊ. मी भांडतोय ते न सांगण्यावरून.

आणि जिथं सांगतात, तिथं कसं सांगतात तेही बघा. जाहिरातीत असतं 'चार वर्षं सुरक्षा अपडेट'. कुठून मोजायची चार वर्षं? कंपन्या सहसा मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात. समजा, एक मॉडेल जानेवारी २०२४ मध्ये आलं. २०२५ च्या दिवाळीच्या सेलमध्ये तेच तीन हजारांनी स्वस्त झालं. गिऱ्हाईक खूश, कारण त्याच्या हिशेबानं फोन २०२९ च्या दिवाळीपर्यंत चालायचा. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला उरलेली असतात सव्वादोन वर्षं. तीन हजारांची सवलत कशाबद्दल होती, हे त्याला जानेवारी २०२८ नंतर कधीतरी कळणार, बहुतेक माझ्या काउंटरवर.

दुसरी गंमत अँड्रॉइडच्या आवृत्त्यांची. 'दोन मोठे अपडेट' म्हणून सांगायचं आणि फोन द्यायचा मागच्या वर्षीच्या अँड्रॉइडवर. म्हणजे त्या दोनांतला पहिला अपडेट फोन विकायच्या आधीच जगभर येऊन गेलेला असतो. हे देणं नव्हे, ही थकबाकी. तिसरी गंमत, जुनाच फोन नवं नाव आणि नवा रंग देऊन पुन्हा काढायचा. आतली चिप तीच, पण तिच्या आधाराचं घड्याळ मागच्या नावापासून चालू झालेलं. चौथी म्हणजे 'पर्यंत' हा शब्द. चार वर्षांपर्यंत! शून्यही चारांपर्यंतच येतं.

तारीख छापली की हे सगळे खेळ एका ओळीत संपतात. कुठून मोजायचं हा प्रश्नच राहत नाही. सेलमधला फोन आणि नवा फोन शेजारी ठेवून दोन तारखा वाचायच्या.

मग हिशेब माणूस स्वतः करतो. आमच्याकडे माणसं हिशेबाला कच्ची नाहीत. उसाच्या बिलातली कपात पैशापैशानं मोजणारी माणसं आहेत. दहा हजारांचा फोन आणि उरलेली दोन वर्षं, म्हणजे वर्षाला पाच हजार पडले. अठरा हजारांचा फोन आणि सहा वर्षं, म्हणजे वर्षाला तीन हजार. सहा वर्षं ही काही लाखाच्या फोनची चैन उरलेली नाही. गुगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षं जाहीर केली, ते महागडे फोन होते हे खरं. पण त्याच २०२४ मध्ये सॅमसंगनं ए१६ ५जी या मधल्या किमतीच्या फोनला सहा वर्षं सांगितली. म्हणजे जमतं. ज्याच्या खिशात आज दहाच हजार आहेत त्याला अठराचा हिशेब ऐकवणं हा चोंबडेपणा आहे, तो दहाचाच घेणार. पण दहा-दहाचे तीन फोन समोर असताना त्यानं कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघायचे का तारीख, एवढं तरी त्याला ठरवता यावं.

इथं एक सांगून टाकतो. मी नवे फोनही विकतो. जुना फोन मोडीत काढून नवा विकला तर मला बॅटरी बदलण्यापेक्षा जास्त सुटतात. तेव्हा हे पत्र मी माझ्या गल्ल्यासाठी लिहितोय असं कुणी समजू नये.

अपडेट बंद झालेला फोन टाकून द्या, असं मी कुणाला सांगत नाही. मुलाच्या अभ्यासाला, आजोबांच्या भजनाला, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला मिस्ड कॉल द्यायला तो उत्तम चालतो. फक्त त्यात बँक ठेवू नका, एवढं सांगतो. यूपीआय दुसऱ्या फोनमध्ये घ्या. त्यातही खरं ते बोललं पाहिजे. आमच्या भागात माणसं लुबाडली जातात ती बहुतेक पॅच नसल्यामुळे नाही. लग्नाचं आमंत्रण किंवा आरटीओचं चलान अशा नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (म्हणजे ॲप टाकणारी फाइल) येते, माणूस स्वतःच ती उघडतो आणि मागेल ती परवानगी देतो. असल्या फसवणुकीला कोणताही पॅच पुरा पडणार नाही. पण अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडदा वाचायची आणि फोन चालवायची, परवानगी सहजासहजी देता येत नाही, फोन आडवा येतो. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या फोनमध्ये तो अडसर नाही. म्हणजे ज्याला सावध करण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्याच फोनला ते जमत नाही.

आपल्या सरकारची सर्ट-इन ही संस्था अँड्रॉइडमध्ये गंभीर त्रुटी सापडल्या की इशारा काढते. पेपरात बातमी येते, माणसं घाबरून दुकानात येतात. त्या इशाऱ्यात उपाय सांगितलेला असतो: कंपनीनं दिलेला अपडेट टाका. ज्याला कंपनी देतच नाही, त्यानं काय टाकायचं?

आता दुसरी बाजूही लिहितो, कारण ती लिहिली नाही तर माझीच गिऱ्हाइकं मला हसतील. आमच्याकडे पुष्कळ माणसं अपडेटच्या वाटेलाच जात नाहीत. 'अपडेट मारला आणि फोन गेला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला अंधश्रद्धा म्हणायची माझी तयारी नाही. कमी रॅमच्या जुन्या फोनवर नवी जड आवृत्ती बसली की फोन रांगायला लागतो. अपडेटनंतर फोन बराच वेळ आतल्या आत काम करत तापतो. बॅटरी थकलेली असेल किंवा डिस्प्लेची पट्टी आधीच कमजोर असेल, तर ती नेमकी तेव्हाच जाते. पडद्यावर उभी हिरवी रेघ घेऊन आलेला माणूस सांगतो, 'काल रात्री अपडेट केला, सकाळी ही रेघ'. त्याला मी काय समजावू? आणि मागं जायची सोय नसते. नव्या फोनमध्ये जुनं सॉफ्टवेअर परत टाकू न देणारी कुलपं असतात. सुरक्षेसाठी ती बरोबरच आहेत, पण बिघडलेला अपडेट पोटात घेऊन बसायची वेळ मालकावर येते.

ही फक्त आमच्या गावची कुरकुर नाही. इटलीच्या स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. जुन्या फोनला न झेपणारे अपडेट टाकायला लोकांना भाग पाडलं आणि त्यानं फोन मंदावेल हे सांगितलं नाही, असा ठपका होता. सॅमसंगच्या बाबतीत तो नोट ४ चा होता. नोट ७ साठी बनवलेली आवृत्ती त्यावर चढवली गेली होती. ॲपलनं २०१७ च्या डिसेंबरात कबूल केलं होतं की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग आम्ही अपडेटमधून कमी करतो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण पटण्यासारखं होतं. पण आधी सांगितलं असतं तर कित्येकांनी नव्या फोनऐवजी नवी बॅटरी घेतली असती. फ्रान्सनं याच न सांगण्याबद्दल २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड ठोकला. दोन्ही ठिकाणी बोट ठेवलं ते माहिती दडवण्यावर.

म्हणूनच मी 'सुरक्षा अपडेटची तारीख' म्हणतो, 'अँड्रॉइडच्या आवृत्त्या' म्हणत नाही. नव्या रंगीत आवृत्त्या नाही दिल्या तरी आमच्या गिऱ्हाइकाचं काही अडत नाही. उलट पुष्कळांना त्या नकोच असतात. भोकं बुजवा, बाकी फोन जसा आहे तसा राहू द्या. दोन्ही अपडेट वेगळे मिळाले तर 'अपडेट मारू नका' म्हणणारी अर्धी माणसं पॅच टाकायला लागतील.

फोन कधी बदलायचा हे आज खरं तर मालक ठरवत नाही, कंपनीही नाही. ते ॲपवाले ठरवतात. व्हॉट्सॲपनं अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडून दिले. बँकेचं ॲप एक दिवस म्हणतं, ही आवृत्ती चालणार नाही. आणि यात सरकारही ॲपवालाच आहे.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांची गोष्ट आपल्या विभागाची नाही, तरी इथं सांगतो. २०१९ मध्ये राज्यातल्या सेविकांना कामासाठी सरकारी फोन मिळाले. रॅम दोन जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं आणि बालकांच्या नोंदी त्यात भरायच्या ठरल्या. फोन तापायचे, हँग व्हायचे. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या मानधनातून जायचा. ॲप इंग्रजीत, ही तक्रार वेगळीच. शेवटी ऑगस्ट २०२१ पासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले. लाखभर फोन ज्या खात्यानं घेतले, त्याला घेताना कुणी विचारलं होतं का, की या फोनला कंपनी कधीपर्यंत सांभाळणार? फोन घ्यायचा एका कामासाठी आणि दोन वर्षांत त्याच्यावर त्याहून जड काम टाकायचं, हे पुढंही चालूच आहे. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा फोननं ओळखला पाहिजे, अशी अट आली. फोनवर तेवढं ओझं वाढलं. ताई मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा एकच म्हणतात, 'दादा, निदान हा महिना तरी निघू दे.' मी स्टोरेज मोकळं करून देतो, बॅटरी बदलून देतो. त्याच्या पुढं माझ्या हातात काही नाही.

छापलेली तारीख असती तर निविदेत एक ओळ घालता आली असती: खरेदीच्या दिवसापासून पाच वर्षं सुरक्षा अपडेट असलेलेच फोन घेतले जातील. लाखभर फोनची ऑर्डर असेल तर कुठलीही कंपनी ती ओळ पाळायला तयार होते.

हे जगात कुठं चालतं का? चालतं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानं इंटरनेटला जोडणाऱ्या वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षा अपडेटचा किमान काळ शेवटच्या तारखेसह जाहीर करावा लागतो. किती वर्षं, हे तो कायदा सांगत नाही. फक्त लिहा म्हणतो. त्याचा परिणाम बघा. ॲपलनं आपल्या फोनला किती वर्षं अपडेट देणार हे कधी आधी सांगितलं नव्हतं. त्या कायद्यामुळे आयफोन १५ प्रो मॅक्सपुरतं लेखी द्यावं लागलं: पहिल्या विक्रीपासून किमान पाच वर्षं. भविष्याचं वचन आधी कसं देणार, असं कंपन्या आपल्या विभागाला सांगतील तेव्हा हा कागद त्यांच्यापुढं ठेवा.

युरोपीय संघ आणखी पुढं गेला. २० जून २०२५ पासून तिथल्या नव्या स्मार्टफोनांना विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षं अपडेटचा नियम लागला. बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे. सुटे भाग विक्री संपल्यावर सात वर्षं मिळाले पाहिजेत. सात वर्षं मूळ डिस्प्ले! आम्हाला इथं तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा कॉपी कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र) मिळवायला कोल्हापूर-पुण्याला फोन लावावे लागतात. त्या युरोपीय नियमाच्या शब्दांतही पळवाटा शोधणारे निघाले, म्हणून मला ब्रिटनची साधी तारीख जास्त पटते. तारखेत पळवाट शोधायला फारशी जागा नसते.

आपल्या विभागानं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. २०२४ मध्ये समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिचा दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल आला. फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग, अवजारं, स्क्रू, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट अशा निकषांवर कंपनीनं स्वतःच गुण जाहीर करायचे, अशी कल्पना. मी दुरुस्तीवाला, मला ती आवडायलाच हवी, आणि आवडली. पण एक शंका आहे. सगळ्याची बेरीज करून एकच आकडा दिला की स्क्रूचे चांगले गुण अपडेटचं अपयश झाकून टाकतील. ज्या फोनचे अपडेट पुढच्या वर्षी संपणार तोही बऱ्या गुणांनी पास होईल. निर्देशांक जरूर आणा. त्याच्याशेजारी तारीख वेगळी छापा.

नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(९) मध्ये वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क दिलेलाच आहे. खोक्यावर काय छापायचं हे वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ ठरवतात, आणि ते खातं आपल्याच हाताखाली आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर कधीपर्यंत खायचं ते छापायला लावणारं सरकार पंधरा हजारांच्या फोनवर कधीपर्यंत वापरायचा हे छापायला लावू शकतं.

खोक्यावर जागा नाही, हे कुणी म्हणू नये. फोनच्या खोक्याच्या मागची बाजू मी रोज वाचतो. कमाल किंमत, बनवल्याचा महिना, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), बीआयएसचा क्रमांक, कचऱ्याच्या डब्यावरची फुली, आणि शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांची एसएआर पातळी. तिची मर्यादा आपल्याकडे किलोला १.६ वॅट. एसएआर म्हणजे काय असं मला आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही. अपडेटचं मात्र सगळे विचारतात. सरकारनं सांगितलं तर कंपन्या ऐकतात, हेही आपण पाहिलंय. पॅनिक बटण आलं, भारतीय भाषा वाचता येण्याची सोय आली. मागे नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार विभागानं संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये घाला आणि बाजारात गेलेल्या फोनांत अपडेटमधून पाठवा, असा हुकूम काढून डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मागे घेतला होता. तो बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण अपडेटच्या वाटेनं ॲप पाठवायचं सुचलेल्या सरकारला ती वाट किती वर्षं उघडी राहणार, हे विचारायचंही सुचायला हवं.

दूरसंचार विभागाकडून एक गोष्ट मात्र उसनी घेण्यासारखी आहे. जुना फोन घेताना आम्ही *#०६# दाबून आयएमईआय काढतो, केवायएम लिहून त्याच्यापुढं तो नंबर टाकतो आणि १४४२२ ला मेसेज पाठवतो. फोनची कंपनी, मॉडेल आणि तो चोरीचा वगैरे आहे का, ते उत्तर येतं. त्याच उत्तरात एक ओळ वाढवा: सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत. खोकं हरवलेलं असलं तरी चालेल. आमच्याकडे निम्मे व्यवहार जुन्या फोनांचे, आणि जुन्याची किंमत आज काचेवरच्या ओरखड्यांवरून ठरते. तीन वर्षं अपडेट उरलेला, थोडा चेपलेला फोन आणि अपडेट संपलेला चकचकीत फोन यांतला दुसराच महाग विकला जातो.

तारीख छापली तर ती उलटताच लोक फोन फेकतील आणि कचरा वाढेल, असाही एक आक्षेप येईल. मी दुकानात बसून जे बघतो ते उलटं आहे. लोक फोन फेकतात ते काही माहीत नसताना, 'आता जुना झाला' एवढ्या अंदाजानं. ज्याला कळलं की आपल्या फोनला अजून तीन वर्षं आहेत, तो आनंदानं बॅटरी बदलून घेतो.

माझ्या मते खोक्यावरची ओळ अशी असावी, कमाल किमतीच्या शेजारी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात: 'सुरक्षा अपडेट किमान ३१-१०-२०३१ पर्यंत'. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही किमतीखाली हीच ओळ. तारीख पुढं न्यायची कंपनीला मुभा, मागं आणायची नाही. वर्षातून निदान चार पॅच आले नाहीत तर तारीख पाळली नाही असं धरावं, नाहीतर शेवटच्या दिवशी एक पॅच पाठवून वचन पुरं केल्याचं सांगितलं जाईल. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर घेतली जावी, आणि तिथल्या माणसाला पॅच म्हणजे काय हे आधी शिकवलेलं असावं.

नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी काढाल, तेव्हा तो मराठीतही काढावा. आमच्या पेठेतल्या दुकानदारांच्या आणि जमतील तेवढ्या गिऱ्हाइकांच्या सह्या घेऊन मुदतीच्या आत सूचना पाठवायचं काम माझ्याकडे लागलं.

आपला विश्वासू,
एक मोबाइल दुरुस्ती दुकानदार,
जि. सांगली